वेल्सची नावं आणि सेलूची जीभ

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तोंडात जीभ कुठे ठेवायची हे मी नव्याने शिकले. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसेक वर्षं पोरांना बाराखडी शिकवलेल्या बाईने हे कबूल करायचं म्हणजे जरा लाजच आहे. पण झालं ते असं झालं.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी झरीची. शिकायला मात्र माझ्याकडे सेलूला होती. मी तिची मावशी आणि तिच्याच शाळेतली बाईसुद्धा. सगळी भाचरं मावशीला ‘अगं मावशी’ म्हणतात. ही एकटी मला ‘तुमी’ म्हणायची, कारण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटल्याबद्दल तिने माझ्या हातची पट्टी खाल्लेली होती. पुढे परभणीला नर्सिंग केलं, परीक्षांवर परीक्षा दिल्या आणि गेल्या वर्षी वेल्समधल्या एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागली. वेल्स हा इंग्लंडच्या बाजूचा लहानसा देश आहे हे मला ती गेल्यावर कळलं. तोवर मी बहिणीला ‘लंडनच्या जवळच कुठंतरी’ असं ठोकून दिलं होतं.

तिथे इंग्रजी चालते, पण माणसांची जुनी भाषा वेगळी आहे आणि नावं त्या भाषेतली. पहिल्या महिन्याअखेर तिचा फोन आला तो रडवेला.

“मावशी, इथल्या नावांनी लय ताप दिलाय. लिहितेत एक, म्हणतेत एक. माझ्यासंग काम करणाऱ्या शान नावाच्या बाईला मी चार दिवस सियान म्हणायले. ती बिचारी हसायची, पण सिस्टर हसत न्हाई.”

सिस्टर म्हणजे तिच्या वरची बाई. नोकरी पक्की व्हायला सहा महिने होते. दर महिन्याला सिस्टर एका कागदावर शेरा लिहायची, आणि शेरे बरे नसले तर मुलीला बोचकं बांधून परत यावं लागणार होतं. पहिल्याच कागदावर शेरा पडला होता: ‘इथे राहणाऱ्यांना नावाने हाक मारत नाही.’

“नावं पाठव मला,” मी म्हणाले.

“पेशंटची नावं बाहेर द्यायची न्हाईत, मावशी. कायदा हाय.”

“मग त्या मुलखातली कुठलीही पाठव. मला काय त्यांचं रेशनकार्ड काढायचंय?”

तिने तीसएक नावं पाठवली, आणि शेजारी तिथल्याच एका सोबतीणीच्या आवाजात त्यांचे उच्चार. मी वही केली. मला नव्या वहीचा अजून मोह आहे. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की पोरगी उगाच गळा काढत होती. लिहायचं एक आणि म्हणायचं एक हा धंदा इंग्रजीचा. ही भाषा आपल्यासारखी सरळ निघाली. एका अक्षराचा आवाज एकदा ठरला की ते सहसा दिलेला शब्द फिरवत नाही. फक्त ठरवलंय ते आपल्या अंदाजाच्या उलट. एस आणि आय लागून आले की श. सी म्हणजे कायम क, त्याचा स कधी होत नाही. एकटा एफ असेल तर तो व. फ पाहिजे असेल तर दोन एफ लिहायचे. यू दिसला की बहुतेक ई. म्हणून जे डोळ्यांना डॅफिड दिसतं ते तोंडाने दाविद, शेवटचा द जीभ दातांत धरून. एल्युनेड दिसतं ते एलीनेद. मायफॅन्वी वाटतं ते मवान्वी, आणि जोर मधल्या ‘वा’वर. जोर बहुतेक शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा, हा नियम तर मला इतका आवडला की आठवडाभर मी मानवत, पाथरी, सोनपेठ अशी गावंसुद्धा तसा जोर देऊन म्हणून पाहिली.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. सोनपेठच्या गाडीवर त्यांची अर्धी नोकरी गेली. गावांच्या नावांशी चाललेला हा खेळ त्यांना पसंत पडला नाही. “तुझ्या असल्या बोलण्यानं पॅसेंजर भलत्याच गावी उतरले असते,” म्हणाले.

एक नाव होतं ऱ्हदेर्ख़. सुरुवातीचा ऱ्ह आपल्या ‘तऱ्हा’तल्यासारखा, तो साधला. पण शेवटचा ख़ काही केल्या येईना. तेव्हा मी गल्लीतल्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडे गेले. त्यांनी माझा ख ऐकला आणि डोक्याला हात लावला. “अहो बाई, हा तर आमच्या ख़बरचा ख़! इतकी वर्षं शेजारी राहता आणि तुम्ही कधी ऐकलाच नाही?” खरं होतं. निजामाच्या वेळेपासून आमच्याकडे खबर, खर्च, खुर्दा सगळं चालत आलंय, पण त्यांच्या तोंडचा ख़ घशाच्या मागून घासून येतो आणि माझा पुढच्या पुढे सांडतो. त्यांनी चहा पाजला आणि दहा वेळा ख़ म्हणवून घेतलं. मी माझ्या पोरांना कधी इतक्या प्रेमाने शिकवलं नाही, हे त्या दिवशी मला चांगलंच टोचलं.

दुसरा आनंद ‘अङ्हारद’ या नावाचा. बायकांचं नाव आहे, जुनं. त्यात आपला ङ आहे, चांगला धडधडीत. भिंतीवरच्या तक्त्यात कमळाचा क, खटाऱ्याचा ख असं करत आपण ङ पर्यंत येतो आणि तिथे चित्र नसतं. पोरं विचारायची, “बाई, ह्याचं काय?” मी म्हणायचे, “ह्याचं काही नाही, पुढं चला.” आता कळलं, ह्याचं सगळं तिकडे आहे. मी हे भाचीला सांगितलं तर तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिला तिची नोकरी पडली होती.

खरा डोंगर होता डबल एलचा. आणि तोच नेमका ओलांडायचा होता, कारण त्या आश्रमात नव्वदीला टेकलेल्या एक आजी होत्या आणि त्यांचं नाव डबल एलने सुरू व्हायचं. ते नाव मी इथे लिहीत नाही, भाचीला शब्द दिलाय. आजींना विसरण्याचा आजार होता. मुलं, घर, गाव, सगळं पुसलं गेलं होतं. स्वतःचं नाव तेवढं राहिलं होतं. नावाने हाक मारली की त्या वळून बघायच्या आणि सांगितलेलं करायच्या. नाव घेतलं नाही तर आपल्याशी कोणी बोलतंय हेच त्यांना कळायचं नाही. मग ओठ घट्ट. गोळी नाही, पाणी नाही. भाचीच्या पाळीत त्यांची सकाळची रक्तदाबाची गोळी कितीदा तरी चुकली होती, आणि प्रत्येक वेळी सिस्टरला येऊन ती द्यावी लागली होती. दुसऱ्या शेऱ्यात ही गोष्ट आली. तिसऱ्यातही आली.

तो आवाज असा काढायचा: जीभ ल म्हणायला लावतो तशी दातांमागे वर लावायची आणि ल म्हणायचाच नाही. आवाज बंद. नुसता श्वास सोडायचा, तो जिभेच्या कडांनी बाहेर पडला पाहिजे. सांगायला सोपं. माझा कधी श व्हायचा, कधी थ, कधी नुसतीच थुंकी उडायची. मी स्वयंपाकघरात सराव करत होते, तर हे बाहेरून ओरडले, “मांजर शिरलंय का आत?”

मला तो गवसला जानेवारीत, बहिणीच्या शेतात. हुरडा चालला होता. आगटीतून काढलेला गरम हुरडा मी धीर न धरता तोंडात टाकला. घास पोळत होता, थुंकायची सोय नव्हती, म्हणून जीभ वर चिकटवून दोन्ही बाजूंनी फूफू करत वारा सोडला. आणि ऐकू आलं ते! मी तिथेच उभी राहून पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. बहिणीला वाटलं मला झटका आला. मी तिला म्हटलं, “थांब, आधी तुझ्या लेकीला फोन लाव.”

भाचीची दुपारची सुट्टी आमच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास असते. त्या वेळी आमचे वर्ग चालायचे. हुरडा तिने लहानपणापासून खाल्लेला, त्यामुळे गरम घासाची गोष्ट तिला चटकन कळली. पंधरा दिवसांत ती ते नाव असं म्हणायला लागली की तिच्या त्या सोबतीणीने टाळ्या वाजवल्या. मला कसा आनंद झाला सांगू! निवृत्तीच्या समारंभात शाल दिली होती तेव्हाही इतका झाला नव्हता.

आणि पाचव्या महिन्याचा शेरा आला. तोच! ‘अजूनही नावाने हाक मारत नाही.’ खाली आणखी एक ओळ होती: ‘पुढच्या महिन्यात सुधारणा न झाल्यास नेमणूक कायम करता येणार नाही.’

मी भडकले. सिस्टरवरच भडकले आधी. “कानाची बहिरी आहे का ती? तू तर अगदी बरोबर म्हणतेस!”

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पोरगं उत्तर पाठ असून परीक्षेत नापास होतं, तेव्हा खोट भलतीकडेच असते.

“हे बघ,” मी म्हणाले. “सकाळी त्या आजींच्या दारात गेलीस. पुढे काय केलंस ते एकेक सांग. काही गाळू नकोस.”

“दार वाजवलं. गुड मॉर्निंग म्हणलं. पडदा सारला. उशी नीट केली.”

“आणि नाव?”

“म्हणलं की.”

“मोठ्याने?”

मग म्हणाली, “मावशी, ती माझ्या आज्जीहून मोठी हाय ओ. तिला नुसतं नाव घेऊन कशी हाक मारू? तोंडच उघडंना. आत गेले की माझ्या तोंडून हळूच ‘आजी’ निघतंय. तिला काय कळतंय त्यातलं.”

तर असा सगळा मामला होता. जीभ केव्हाच तयार झाली होती. अडलेली होती ती झरीच्या घरातली मुलगी, जिने जन्मात कुणा म्हाताऱ्या बाईला नाव घेऊन हाक मारली नव्हती. आपल्याकडे कोण मारतं? काकू, मावशी, अक्का, अमक्याची आई, तमक्याची सासू. बाईमाणसाचं नाव असतं ते कागदावर लिहायला. मला आधी तिचं कौतुकच वाटलं. मग त्या न घेतलेल्या गोळ्या आठवल्या आणि कौतुक ओसरलं.

“सिस्टरला सांग की, आमच्याकडे असं चालतं म्हणून.”

“सांगितलं. ती म्हणली, त्यांच्या फायलीत त्यांनी शुद्धीवर असताना स्वतः लिहून दिलंय. मला मिसेस म्हणू नका, डिअर म्हणू नका, माझ्या नावानं बोलवा.”

म्हणजे त्या बाईने आजार यायच्या आधीच ओळखलं होतं की शेवटी हातात एवढंच राहणार आहे. माझी भाची ज्याला मान समजत होती, त्यात त्या बाईचं उरलंसुरलं काढून घेत होती. हे मी तिला असंच सांगितलं. ती रडली. पण रडून तोंड उघडत नसतं.

आम्ही उपाय केले. नाव मोठ्याने घे आणि ‘आजी’ मनात म्हण. जमलं नाही, दोन्ही मनातच राहायचं. यांनी सुचवलं, गाडीवरच्या पाटीवरचं गाव वाचतात तसं वाच. तेही नाही. आणि उपदेश करणारी मी तरी कोण लागून गेले होते? लग्नाला चाळीस वर्षं झाली, उखाण्याबाहेर मी यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. हे मला ‘अगं’ म्हणतात, मी यांना ‘अहो’. आमचं तेवढ्यावर भागलं.

एका संध्याकाळी हे स्टेशनाकडे फिरायला गेले होते. मी भाचीला व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “सराव माणसावर करायला पाहिजे. मला हाक मार. नाव घेऊन.”

“तुमाला?” तिने तोंडावर हात ठेवला. “न्हाई बाई!”

“मार म्हणते ना. पट्टी विसरलीस का?”

तिने डोळे मिटून माझं नाव घेतलं आणि लगेच पुढे ‘मावशी’ जोडलं. मी म्हटलं, शेपूट काढ. पुन्हा घेतलं, पुन्हा शेपूट. चार-पाच वेळा झालं, आणि मला एकाएकी काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, “ते राहू दे. ते नाव तुला घेता येणार नाही, कारण ते तू शेकडो वेळा मावशीला जोडूनच ऐकलंयस. तुला दुसरं सांगते. माझं पहिलं.”

“पहिलं कोणतं?”

तिला ठाऊकच नव्हतं. कसं असणार! लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सगळ्या बायका कौतुकाने वाकून बघत होत्या, मीही बघत होते. नवं नाव सासूबाईंनी निवडलेलं, चांगलंच होतं. त्याच नावाने नोकरी केली, त्याच नावाने पेन्शन येते. पहिल्या नावाने हाक मारायचे ते आई-बाप, ते गेले. बहीण धाकटी, ती पहिल्यापासून अक्का म्हणते. मैत्रिणी कुठे कुठे गेल्या. म्हणजे ते नाव घेणारं जगात कोणी उरलेलं नव्हतं, आणि हे माझ्या तोवर ध्यानातही आलं नव्हतं.

मी तिला नाव सांगितलं. दोन अक्षरी आहे. सांगताना माझाच आवाज चोरट्यासारखा झाला.

तिने ते एकदा पुटपुटून पाहिलं. तिच्यासाठी ते कुणा अनोळखी बाईचं नाव होतं, त्याला कुठली मावशी चिकटलेली नव्हती. मग मान वर करून, दारात उभी असल्यासारखी, तिने खणखणीत हाक मारली.

“ओ!” मी म्हणाले.

तो ‘ओ’ माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, पण मास्तरणीचा नव्हता. परकर सावरत अंगणातून धावत आलेल्या पोरीचा होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी चष्मा पुसायच्या निमित्ताने फोन बाजूला धरला. “पुन्हा,” मी म्हणाले. तिने पुन्हा मारली. मी तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. तिला पाचातच जमलं होतं. उरलेल्या पाच हाका माझ्या स्वार्थाच्या, आज सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, तिच्या सकाळच्या गोळ्यांच्या वेळेनंतर, फोन वाजला. मी जेवणावरून उठून घेतला.

“मारली हाक,” ती म्हणाली. “दारातूनच. मोठ्यानं.”

“मग?”

“आजींनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं आणि म्हणल्या, ‘अमा.’ मला वाटलं आई आठवली का काय. सिस्टर मागं उभीच होती. ती म्हणली, अमा म्हणजे ‘इथं’. शाळेत हजेरीला पोरं म्हणतेत ते. मग मी गोळी पुढं केली, तर गुमान घेतली ओ मावशी!”

त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. सहाव्या महिन्याच्या कागदावर सिस्टरने काय लिहिलं ते भाचीने मला इंग्रजीतून दोनदा वाचून दाखवलं. नेमणूक कायम झाली. बहिणीने झरीत पेढे वाटले, आणि ज्याला त्याला सांगितलं की अक्काने फोनवरून शिकवलं म्हणून पोरगी टिकली. मी खोटं खोटं नाही म्हटलं.

त्याच रविवारी भाचीचा फोन आला. हे पलंगावर पेपर वाचत पडले होते, मी खाली बसून शेंगा सोलत होते. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, “मावशी, एक सांगू का? तुमचं नाव घेतलं त्या दिवशी, लय वंगाळ वाटलं ओ मला. आता नोकरी पक्की झाली. आता न्हाई घ्यावं लागणार.”

मी शेंगांचं सूप बाजूला सारलं. “तुला नाही घ्यावं लागणार,” मी म्हणाले, “पण मला ऐकावंसं वाटतंय. रविवारी एकदा घेत जा. शेपूट न लावता.”

मग तिने हाक मारली. फोनचा आवाज मोठा होता, घरभर ऐकू गेलं.

यांनी पेपर खाली केला. चष्म्यावरून फोनकडे बघितलं, मग दाराकडे, तिथे कोणी आलंय का म्हणून.

“कुणाला हाक मारायलीय ही?”

“मला,” मी म्हणाले, आणि फोनकडे वळून ओ दिली.